बिरू मास्तरांचा ढिला टाका

इरा आणि नील,

परवा इराचा फोटो आला. गुलाबी जाळीचा, ताटासारखा आडवा पसरलेला घेर, वर मांजराचं चित्र असलेला टी-शर्ट, खाली काळे बूट. कुणाच्या तरी वाढदिवसाला निघाली होती. सोबत लिहिलं होतं, "आजी, याला काय म्हणतात ते तुला माहीत नसणार."

याला टुटू म्हणतात. तो मुळात बॅले नाचणाऱ्या मुलींचा पोशाख आहे, वाढदिवसाचा नव्हे, हेही मला माहीत आहे. त्याच्या आत किती पदर असतात, ते एकमेकांत कशाने राहतात आणि तो कमरेवर का बसवत नाहीत, हे तर मी तुमच्या तिथल्या दुकानदारालाही सांगू शकेन. हे सगळं मला शिरूरच्या एका शिंपीकाम करणाऱ्या माणसाने शिकवलं. त्याला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. आज त्यांच्याविषयी लिहिते.

त्यांचं नाव बिरू. सगळे त्यांना बिरू मास्तर म्हणत. शिरूरच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, तिच्यावर पायमशीन आणि मागे भिंत. गाव निमोणे. घर धनगराचं. वडिलांपर्यंत मेंढरं होती, मग विहीर झाली, बागायत आली आणि मेंढरं गेली. धाकटा मुलगा मशीनवर बसला हे वडिलांना आवडलं नव्हतं. मास्तर मात्र म्हणत, "कातर तीच हाय की बाई. मेंढरू कातरताना हालतं, कापड हालत न्हाई. म्या सोपं काम धरलं."

त्यांच्या दुकानात मापाची वही नव्हती. मागच्या भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येक खिळ्याला काळ्या लोकरीच्या बारीक दोऱ्या लटकत होत्या. दोरी ते स्वतः वळत. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक दोरी. तिच्यावर गाठी. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत छाती, दुसरीपर्यंत कंबर, असं. माणूस जाड झाला की गाठ सरके. शे-दीडशे दोऱ्यांतून माझी दोरी ते न बघता काढत. मी एकदा विचारलं, "मास्तर, वही का नाही करत? मी लिहून देते." ते म्हणाले, "वहीत आकडा ऱ्हातो बाई. दोरीत माणूस ऱ्हातो. ही बघा तुमची. पाठ जरा बाक घेती, इथं दिसती." मी ताठ उभी राहिले, पण दोरीवर परिणाम झाला नाही.

उभ्याने माप घेणं त्यांना मान्य नव्हतं. निमोण्याचे एक आबा होते, सोसायटीचे चेअरमन. पुतण्याच्या लग्नासाठी सफारी शिवायला आले. मी तेव्हा परकराचं कापड घेऊन बसले होते.

"आबा, खाली बसा," मास्तर म्हणाले.

"बसलोय की बाकावर."

"बाकावर न्हाई. पंगतीला बसता तसं. मांडी घाला."

"आरं, माप घ्यायचंय का वाढायचंय?"

"लग्नात उभ्यानं जेवणार हाय का? मागच्या टायमाला पँट कुठं फाटली व्हती, बाईंसमोर सांगू का?"

आबा मुकाट्याने भुईवर बसले. मास्तरांनी दोरी लावली आणि म्हणाले, "आता बुंदी घ्यायला वाका. लांब हाय ताट. आनखी वाका." समोरचा चहावाला पोपट गाळणी हातात धरून हसत होता. ती सफारी पुढे आबांनी पाच-सहा लग्नांत घातली आणि ती कुठेही उसवली नाही.

उसवण्यावरून आठवलं. मास्तरांची सगळी विद्या उसवण्याची होती. कुणाच्या हाताखाली ते फार दिवस शिकले नव्हते. नवा कपडा दिसला की ते तो आधी टाका टाका करून सोडवत, तुकडे भुईवर मांडत, बघत, आणि परत शिवत. त्यांच्या बायकोचा भाऊ मुंबईहून सफारी शिवून आला होता. संध्याकाळी साखरपुडा. पँट अर्धा इंच आखूड करायला म्हणून त्याने अख्खी सफारी दुकानात ठेवली आणि लुंगी लावून तो जेवायला गेला. परत आला तेव्हा दुकानात चटईवर वीस-बावीस तुकडे पसरलेले.

"दाजी, माझा शर्ट कुठाय?"

"म्होरं हाय की."

"ह्यो शर्ट हाय?"

"शर्टच हाय. फकस्त सुटा हाय."

मेहुणा लुंगीवर तीन तास बसला आणि साखरपुड्याला वेळेवर गेला. शर्ट आधीपेक्षा अंगावर बरा बसला होता, असं तोच पुढे सांगायचा. शिरूरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मलाही माहीत होती, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

आता टुटूकडे येते. शिरूरला येण्याआधी आम्ही पाच वर्षं दौंडला होतो. दौंड हे रेल्वेचं गाव. इंग्रजांच्या काळापासून तिथे अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. पुरुष इंजिन चालवत, गार्ड होत. बायका शाळांत शिकवत, ऑफिसांत टायपिंग करत. मी गेले तोवर त्यांतली बरीचशी ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. उरलेल्यांत होत्या आयव्ही मॅडम. त्या माझ्याच शाळेत शिकवत आणि शनिवारी रेल्वेच्या क्लबातल्या लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये चार-पाच मुलींना बॅले शिकवत. त्यांची आई लग्नाआधी कलकत्त्याच्या एका नाटक कंपनीत नाचलेली होती, मग इंजिन ड्रायव्हरशी लग्न करून दौंडला आली आणि दौंडचीच झाली. आईने मुलीला शिकवलं, मुलीने गावातल्या मुलींना. तुमची आई, म्हणजे आमची सई, त्या मुलींतली एक.

आम्ही शिरूरला आल्यावर दोन वर्षांनी, नव्वद-पंचाण्णवच्या सुमाराला, मॅडमचं पत्र आलं. भाचीने ऑस्ट्रेलियात पर्थला बोलावलं आहे, नाताळ झाला की कायमची निघते. जाण्याआधी हॉलमध्ये छोटा कार्यक्रम आहे. मम्मीने मला शिकवलेला नाच सईने करावा, आणि मम्मीचा टुटू घालून करावा. मी दौंडला गेले तेव्हा मॅडमनी पलंगाखालून गोल पत्र्याचा डबा काढला. आत पातळ कागदात तो होता. पांढरा, म्हणजे कधीकाळी पांढरा, आता चहाच्या रंगाचा.

"मम्मीचं वाळवीनं एवढंच ठेवलं," त्या म्हणाल्या. त्यांचं मराठी दौंडचं होतं, मध्ये हिंदी आणि इंग्रजी घेत जाणारं. "सँभालके, हं."

मी तो शिरूरला आणला आणि बिरू मास्तरांपुढे ठेवला. मी याद्या करणारी बाई. कागदावर लिहून नेलं होतं आणि ते वाचून दाखवलं: कंबर दोन इंच आत. तळाची फाटलेली जाळी दुरुस्त. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

"व्हय बाई," मास्तर म्हणाले. पण त्यांचं लक्ष यादीकडे नव्हतं. त्यांनी तो घेर तळहातावर आडवा धरला होता. "ह्याच्या पोटात तार न्हाई, काडी न्हाई. मग ह्यो उभा कशानं ऱ्हातोय?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण शिक्षकाला कुणी प्रश्न विचारला की राहवत नाही. मी घरून विश्वकोशाचा जाड खंड आणला आणि फळीवर बसून त्यांना चित्रं दाखवली. आधी या नाचणाऱ्या बायका राजवाड्यातल्या बायकांसारखेच जमिनीपर्यंतचे जड झगे घालत. पाय दिसत नसत, मग पायांचं काम कुणाला कळणार? म्हणून एकीने घेर घोट्याच्या वर घेतला आणि लोकांनी नावं ठेवली. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पांढऱ्या पातळ जाळीचा, घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा झगा आला. नाचणारी बाई धुक्यातून चालल्यासारखी दिसायची. नाच जसजसा अवघड होत गेला तसतसा घेर वर सरकत गेला, शेवटी हा असा, आडवा. रंगमंचावर तेव्हा गॅसचे दिवे असत आणि या जाळीला कुठे ठिणगी लागली तर क्षणात पेटे. काही मुली त्यात गेल्या.

"मेल्या?" मास्तरांनी चित्रावरून हात उचलला.

"हो."

"आन् तरी घालायच्या?"

"घालायच्या."

त्यांनी चित्रातल्या घेरावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्याकडं बिरोबाच्या जत्रंला गडी ढोलावर गजी नाचतात, त्यांचं झगं मीच शिवतो. पांढरं, घेराचं. गडी गिरकी घेतो तवा घेर उठला पाहिजे, न्हाईतर त्याला मजा न्हाई. घेर जमला न्हाई तर गडी शिव्या घालतो, ढोलवाल्याला न्हाई, मला. म्हंजी हे आपलंच काम हाय बाई." आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "बुधवारी या."

बुधवारी गेले तर पोपट चहावाला रस्त्यातूनच ओरडला, "बाई, लवकर जा! मास्तरनं छत्री उघडली, आता मिटना!"

चटईवर पांढरं धोतर अंथरलं होतं. त्यावर जाळीची दहा वर्तुळं, मोठ्यापासून लहानापर्यंत, भाकरी मांडाव्या तशी ओळीने. शेजारी वरच्या चोळीचे आठ तुकडे. एक कमरपट्टी. मास्तर मशीनवर नव्हते, भुईवर बसले होते, हात मांडीवर.

"मास्तर, हे काय?"

"चूक झाली बाई." त्यांनी जाळीचा एक तुकडा घेऊन सुई लावून दाखवली. सुई जिथे गेली तिथे जाळी विरघळल्यासारखी फाटली. "जुना टाकाच तिला धरून व्हता. म्या टाका काढला आन् तिनं जीव सोडला. कापड परत शिवता येतं हे मला ठावं. कवाकवा येत न्हाई, हे ठावं नव्हतं."

कार्यक्रमाला नऊ दिवस होते. माझ्या डोळ्यांपुढे तो गोल डबा आला. मी काहीबाही बोलले, ते लिहीत नाही. मास्तरांनी ते ऐकून घेतलं, मग कमरपट्टी उलटी करून दाखवली. आतल्या बाजूला नाडीच्या कापडावर शाईने मॅडमच्या आईचं नाव होतं: लिली.

"ह्यो एका हातचा न्हाई," ते म्हणाले. "तळाचं तीन पदर सुती, खळ दिल्यालं, सगळ्यात जुनं. मधलं कुणी दुसऱ्या बाईनं लावलं, तिचा हात डावरा. वरचं नायलॉन आत्ता आत्ताचं. तीन बायांनी ह्याला जगवला आन् म्या एका दुपारी मोडला."

मी म्हटलं, दौंडला मी जाऊन सांगते, नीट समजावते.

"न्हाई. तुमी याल संगं, पर सांगणार मी. उसवलं मी."

दुसऱ्या दिवशी मास्तर पांढऱ्या धोतरात ते तुकडे बांधून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. दौंडपर्यंत बोचकं मांडीवर धरून होते. मॅडमच्या कौलारू घरात ट्रंका उघड्या पडल्या होत्या. मास्तरांनी बोचकं टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि दोन पावलं मागे सरले.

मॅडमनी कमरपट्टी उचलून बघितली. "तुमने खोला?"

"व्हय मॅडम. म्या. बाईंनी सांगितलं व्हतं हात लावू नगा. तरी म्या उसवला. परत जुळत न्हाई."

मॅडमनी कमरपट्टी खाली ठेवली. माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या की कार्यक्रम रद्द, आणि हे समोरून घेऊन जा. आवाज अगदी शांत होता. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी बोचकं बांधायला लागले. मास्तर बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी म्हटलं, चला, एस.टी. जाईल. ते हलले नाहीत. अर्ध्या तासाने मॅडम कुंड्यांना पाणी घालायला मागून बाहेर आल्या, तर मास्तर तिथेच.

"मॅडम, एकच इचारतो. रातभर म्या जुन्या लुगड्याचा करून बघितला. कमरंवर बसवला की घागऱ्यासारखा पडतो. उभा ऱ्हात न्हाई. ह्यो बसायचा कुठं?"

चाळीस वर्षं शिकवलेली बाई. चुकीचं उत्तर समोर आलं की राग बाजूला राहतो. "कमर पे? कमर पे किसने बोला?" त्यांनी झारी खाली ठेवली आणि दोन्ही हात खुब्यांच्या हाडांवर टेकवले. "यहाँ! कंबर मोकळी पाहिजे, वाकायला. झगा इथं, हड्डीवर. वरून इथपर्यंत चोळी घट्ट, फिर घेर."

"मग फिरताना?"

"फिरताना...", आणि मॅडमनी खिडकीची कड धरली, टाचा जोडल्या, चवडे बाहेर वळवले, पाठ सरळ केली आणि एक हात वर उचलला. साठी ओलांडली होती, गुडघे दुखत. पण मान अशी उभी राहिली की कुंड्या, ट्रंका, दौंड स्टेशनावरची घोषणा, सगळं त्या मानेपासून लांब गेलं.

"हालू नगा," मास्तर म्हणाले. खिशातून त्यांनी कोरी दोरी काढली. जरा अंतर ठेवून, अदबीने, कंबर ते हाड, हाड ते गुडघा, अशा गाठी मारल्या. माप सईचं हवं होतं, मॅडमचं नव्हे. मी तसं म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

हात खाली घेतल्यावर मॅडमनी विचारलं, "बनेगा?"

"नवा व्हईल. ह्योच्या ह्यो व्हायचा न्हाई. खोटं सांगत न्हाई."

"चांगला नाही झाला तर सई नाचणार नाही. मी तशीच जाईन."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि बोचकं परत घेऊन निघाले.

पुढचे आठ दिवस मास्तरांनी दुसरं काम घेतलं नाही. बाजारातून मच्छरदाणीची पांढरी जाळी आणली. ती मऊ, लोंबणारी. तिला उभं करायचं कसं? त्यांची आई घरी घोंगडी विणायची आणि घोंगडीला चिंचोक्याची खळ द्यायची, त्याने लोकर कडक होते, पाऊस आत येत नाही. मास्तरांनी चिंचोके भाजले, भरडले, शिजवले. पहिली खळ दाट झाली. जाळी वाळून पाटासारखी झाली आणि सई घालून बघताना ओरडली, "आजोबा, टोचतंय!" दुसरी पातळ केली, फडक्यातून गाळली. खळ उंदरांना आवडते म्हणून पदर आढ्याला टांगून वाळवले. गल्लीतून जाणारे वर बघत. पोपटाने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की मास्तर आता ढगांचं दुकान काढणार आहेत.

मग खरी अडचण आली. पदर कमरपट्टीला शिवले, पण प्रत्येक पदर स्वतंत्र हलायचा, कोबीच्या पानांसारखा. मास्तरांनी ते एकमेकांना मशीनने पक्के शिवले. तर घेर मेला. फळकुटासारखा, गिरकीला उठेचना. त्या दिवशी मी गेले तेव्हा ते जुन्या तुकड्यांवर वाकून भोकं बघत होते.

"बाई, म्या त्या बायांना नावं ठेवली व्हती. उसवताना बघितलं, पदरापदरात लांब लांब, ढिलं टाकं. बोट जाईल एवढा दोरा मोकळा. म्हटलं, कामचुकार बाया. तसं न्हाई. हे मुद्दाम हाय." त्यांनी मला सुईने दाखवलं. वरच्या पदरातून खालच्यात, मधे दोरा सैल सोडून, गाठ. "घट टाकला की सगळं एक व्हतं आन् मरतं. टाकलाच न्हाई तर उधळतं. ढिला टाकला की ज्यो त्यो आपल्या जागी हालतो, पर संगं ऱ्हातो."

दहा पदरांत तसे किती टाके हाताने घातले असतील, मोजायला मी गेले नाही.

तयार टुटू घडी होत नाही. त्याला उलटा, आडवाच न्यावा लागतो. मास्तरांनी तो भाजीच्या मोठ्या पाटीवर पालथा ठेवला, वर धोतर टाकलं आणि पाटी डोक्यावर घेऊन एस.टी.त चढले. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, पाटीत काय? कोंबड्या?"

"झगा."

"झग्याला शीट पाहिजे का उभा येईल?"

"त्यो आडवाच येतो. उभं मी ऱ्हातो." आणि दौंडपर्यंत पाटी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. सई शेजारी बसून दर थांब्याला विचारत होती, "आजोबा, हात दुखले?" आणि ते म्हणत होते, "तू पाय सांभाळ, माझ्या हाताचं सोड."

हॉलमध्ये तीस-चाळीस माणसं असतील. आयव्ही मॅडमनी टुटू हातात घेतला, तळहातावर धरून उडवला. तो एकदा लाटेसारखा हलला आणि परत सपाट झाला. मग त्यांनी तो पालथा केला. नव्या पांढऱ्या दोन पदरांच्या मध्ये चहाच्या रंगाचा एक पदर होता. त्या जुन्या पदराला सुई लावलेली नव्हती. वरच्या-खालच्या जाळीच्या टाक्यांनीच त्याला मध्ये अलगद धरलं होतं. कमरपट्टीच्या आत नाव होतं, लिली.

"तुमच्या आईचा येक पदर तेवढा धड निघाला," मास्तर म्हणाले. "त्यो आत ठेवलाय. झाकून. आन् हे बघा, हिथं दोऱ्याचं टोक सोडलंय, कापल्यालं न्हाई. तुमाला कवा वाटलं की आईचं आईपाशी, माझ्या जाळीत नगं, तर हे टोक वढा. ढिलाच टाका हाय, ह्याला गाठ मारली न्हाई. सगळा दोरा निघंल आन् पदर सुटा व्हईल. माझ्यापाशी यायला नगं."

मॅडमनी ते टोक बोटात धरलं, सोडलं. सईला हाक मारली, "चल, पीछे घूम. हुक लावते."

सई नाचली. कशी नाचली ते तुमच्या आईला विचारा, ती स्वतःच्या चुकाच सांगेल. मी एवढंच सांगते की शेवटच्या गिरकीला तो घेर उठला, तिच्याबरोबर फिरला आणि ती थांबल्यावर क्षणभर तसाच हलत राहिला. मॅडम पेटीवाल्याशेजारी उभ्या होत्या. त्यांचे ओठ ताल मोजत होते. मोजणं संपलं तरी हलत होते.

मास्तर बसायला तयार नव्हते, दाराशी उभे होते. मॅडमनी विचारलं, "मास्टर, डान्स कसा वाटला?"

"डान्स न्हाई बघितला मॅडम. टाकं बघत व्हतो."

त्या मोठ्याने हसल्या. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. नाताळानंतर त्या गेल्या. गोल डबा विमानात त्यांच्या मांडीवर होता, असं भाचीने कळवलं.

त्यानंतर आठ-दहा वर्षांत शिरूर बदललं. आजूबाजूला कारखाने आले, बाजारपेठेत काचेची रेडिमेड दुकानं आली. काचेत लहान मुलींचे फ्रॉक टांगलेले असत, जाळीचे, पदरापदरांचे, फुगलेले. नवऱ्याकडून नवरीला येणारे घागरेही तसेच. आत जाळीचा घेर, त्याला सगळे कॅनकॅन म्हणत. ज्या घेरावर गावाने छत्री म्हणून विनोद केले तो आता प्रत्येक बारशाला, वाढदिवसाला, रिसेप्शनला दिसू लागला. मास्तरांकडे शिवायचं काम कमी झालं. येत ते हे फ्रॉक घेऊन येत: टोचतंय, पडतंय, एका धुण्यात बसलं. मास्तर घेर उलटा करून बघत आणि म्हणत, "मशीन मारलीय. सगळं एका जाग्याला बांधून टाकलंय." आणि तो टाका उसवून हाताने ढिला घालून देत. मग त्या पोरीला म्हणत, "फीर एकदा." पोरगी फिरे, आई कौतुक करे. मास्तर फक्त घेराकडे बघत. एकदा मला म्हणाले, "बाई, नाच दौंडातनं गेला, पर झगा गावात ऱ्हायला. असं कसं झालं वो?" मी म्हटलं, जगभर असंच झालं आहे. "मग बरं," ते म्हणाले.

तुमच्या आईच्या लग्नाचे ब्लाउज त्यांनीच शिवले. त्या वर्षी त्यांना एका डोळ्याने कमी दिसू लागलं होतं. त्याच सुमाराला पर्थहून पाकीट आलं. मॅडम गेल्या होत्या, झोपेतच. भाचीने पत्राबरोबर एक फोटो पाठवला होता. मॅडमच्या खोलीची भिंत. भिंतीवर काचेची चौकट, आणि चौकटीत टुटू. पण पालथा लावलेला, आतली बाजू बाहेर. भाचीने लिहिलं होतं की आन्टीने असाच लावायला सांगितला होता आणि कारण विचारलं तर म्हणायची, वरची बाजू सगळ्यांनाच ठाऊक असते.

मी फोटो घेऊन दुकानात गेले. दुपारची वेळ होती, मास्तर एका फ्रॉकचा घेर मांडीवर घेऊन बसले होते. मॅडम गेल्याचं सांगितलं. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग हात पुढे केला. मी फोटो दिला.

ते फळीच्या कडेला उजेडात सरकले. चांगल्या डोळ्याजवळ फोटो नेला, लांब धरला, परत जवळ नेला. पोपट चहा घेऊन आला होता, तोही फोटोत डोकावला. मला वाटलं त्यांना दिसत नसावं. मी म्हटलं, "मास्तर, घरून भिंग आणू का?"

"नगं. दिसलं." त्यांनी नखाने एक जागा दाखवली. चहाच्या रंगाच्या पदराशी, पांढऱ्या जाळीवर, केसाएवढी एक रेघ होती. "दोऱ्याचं टोक. तसंच हाय. वढलं न्हाई तिनं."

ते उठून भिंतीपाशी गेले आणि दोऱ्यांवरून हात फिरवत गेले. वरच्या रांगेत, कोपऱ्यातल्या खिळ्यावरून एक दोरी काढली. त्या दिवशी दौंडला खिडकीपाशी घेतलेली, जिचा कपडा त्यांनी कधीच शिवला नव्हता. फोटोच्या कोपऱ्याला सुईने भोक पाडलं, दोरी त्यातून ओवली, ढिली गाठ मारली आणि परत त्याच खिळ्याला अडकवली.

मग खाली बसून त्यांनी टोपी घातली आणि मांडीवरचा फ्रॉक पालथा केला.